बाप्पा आले आणि डोळेही आले

सोसायटीच्या मीटिंगमध्ये ज्याला अडचण दिसते, ती सोडवण्याचं काम त्याच्याच गळ्यात पडतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. बँकेतली सगळी नोकरी मी याच एका ज्ञानावर काढली. मोठ्या साहेबांनी "कुणाला काही सुचवायचंय?" असं विचारलं की मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचो. माझे बूट बिननाडीचे होते हे निरोप समारंभापर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या संध्याकाळी मात्र मी चप्पल घालून गेलो होतो आणि जीभ घसरली.

आमची सोसायटी पर्वत पाटियाच्या थोडी अलीकडे. निम्मी वस्ती आमच्यासारखी, धुळ्या-अमळनेराकडून येऊन सुरतेत रुजलेली, उरलेली गुजराती, आणि वरच्या मजल्यांवर साड्यांच्या व्यापारातली दोन-चार मारवाडी कुटुंबं. दरवर्षी पार्किंगमध्ये पाच दिवसांचा गणपती बसतो आणि मधल्या रविवारी सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. मीटिंग त्याचीच होती. दाळ-बट्टी की पुरी-भाजी, एवढ्यावर लोक हमरीतुमरीवर आले होते. आणि नेमकी त्याच दिवसांत शहरात डोळ्यांची साथ होती. ज्याच्या त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा. मागच्या विंगमधलं एक अख्खं कुटुंब तर चष्मे लावून दूध आणायला जात होतं, त्यामुळे दूधवाल्याला ते खंडणी मागायला आल्यासारखे वाटत.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "बट्टीचं नंतर बघा. एवढी माणसं एका जागी जमणार, एका ताटातली आरती घेणार, तेच हात डोळ्यांना लावणार. काही खबरदारी नको का?"

आमचे चेअरमन जयंतीभाई साड्यांच्या लेसचा धंदा करतात. दुसऱ्याच्या गळ्यात काम घालण्याची त्यांची पद्धत इतकी प्रेमळ आहे की माणसाला हार घातल्यासारखं वाटतं. ते हात जोडून म्हणाले, "वाह भदाणेसाहेब! केटली मोटी वात करी! तो पछी तमे ज संभाळी लो ने!"

टाळ्या पडल्या. अशा रीतीने मी सोसायटीचा आरोग्यप्रमुख झालो. खरं सांगायचं तर टाळ्या पडल्यावर मला बरं वाटलं. निवृत्तीनंतर माझ्यासाठी टाळी वाजल्याचं आठवत नव्हतं. घरात वाजायची ती डास मारायला.

घरी येऊन ही बातमी मी शक्य तितक्या सहजपणे सांगितली. सुलभा भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "कसले प्रमुख म्हणालात?"

"आरोग्य."

"ओला टॉवेल गादीवर टाकणारा माणूस आता दीडशे लोकांना टॉवेल कसा वापरावा ते शिकवणार," ती तव्याला उद्देशून म्हणाली. आमची मुलगी मानसी हसली आणि गुजरातीत मैत्रिणीला फोनवर काहीतरी म्हणाली. त्यात 'पप्पा' हा शब्द होता, आणि त्यानंतर दोन्हीकडून हसणं.

अशा वातावरणातही मी कामाला लागलो. रात्री जागून वगैरे नाही, दुपारी झोपण्याऐवजी बसून नियम लिहिले. हात वरचेवर धुवावेत. दुसऱ्याचा रुमाल वापरू नये. डोळे आलेल्यांनी घरूनच दर्शन घ्यावं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं : आरती घेतल्यावर हात डोळ्यांना लावू नयेत.

या शेवटच्या नियमाने आग लागली. नियमांचा कागद लिफ्टजवळ चिकटवून मी जिना चढतोय तोवर मागून हाक आली. सखारामआप्पा. लूमवर आयुष्य घालवलेला माणूस. यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवायची सवय अजून गेलेली नाही.

"परकास! आरती लेवानी अन् डोयाले नही लावानी, मंग लेवानी कसाले?"

"आप्पा, मनोमन घ्यायची."

"मंग परसाद बी मनोमनच खावाना का?"

जिन्यातली मंडळी हसली. शोभावहिनी आरतीचं ताट फिरवायच्या, त्यांनी तर हा नियम स्वतःच्या ताटाचा अपमान म्हणून घेतला. दोन दिवस माझ्याशी बोलताना त्या सुलभामार्फत बोलत होत्या, मी समोर असताना.

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे पद मिळालं की सल्ला फुकट मिळतो. कुणी म्हणालं, सगळ्यांच्या डोळ्यांत दारातच गुलाबपाणी घाला. कुणी धण्याचं पाणी सुचवलं. जयंतीभाईंच्या आईंनी गायीचं तूप पाठवलं, ते सुलभाने वरणात घातलं. आप्पांचा उपाय सकाळच्या शिळ्या लाळेचा होता, त्याचं प्रात्यक्षिक मी नम्रपणे नाकारलं. आणि बहुतेकांचं ठाम मत असं की साथ नुसत्या बघण्याने पसरते; आलेल्या डोळ्यांत आपण पाहिलं की संपलं. मी घरोघरी जाऊन समजावलं, की बघण्याने काही होत नाही, हाताने होतं, हात हाच खरा शत्रू. लोकांनी ऐकून घेतलं आणि ऐकताना माझ्याकडे न बघण्याची काळजी घेतली.

या फेरीतच मी कमलमावशीच्या दारात पोचलो.

कमलमावशी तळमजल्यावर राहते. सोसायटीतल्या साऱ्या आरत्या तिला पाठ. मराठी, अहिराणी, आणि जयंतीभाईंच्या घरी जाऊन शिकलेल्या दोन गुजरातीसुद्धा. गणपतीपूर्वी थोडे दिवस तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मुलगा सागर सचिनच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात पाळीवर, सून रुपाली बाळंतपणाला माहेरी. मावशी काळा चष्मा लावून खुर्चीत बसलेली, हाताशी औषधाच्या थेंबांची बाटली.

"मावशी, तुम्ही खाली गर्दीत यायचं नाही. साथ आहे. ऑपरेशनचा डोळा आहे," मी सांगितलं.

"नही येत. डागदरबी तेच म्हने."

"आणि थेंब कोण टाकतं?"

"मीच टाकस ना. कोन टाकनार?"

इथे आरोग्यप्रमुखाने उठायला हवं होतं. बाई सुखरूप होती, डॉक्टरचं ऐकत होती, स्वतःचं औषध स्वतः घेत होती. पण अंगात पद शिरलेलं असलं की समोरचा सुखरूप असणं बघवत नाही. मी म्हणालो, "छे छे! स्वतःच्या डोळ्यात स्वतः थेंब टाकणं अत्यंत अशास्त्रीय. सकाळचे थेंब रोज मी येऊन टाकत जाईन. येताना प्रसादही आणीन."

मावशी बरंच काही म्हणाली. मी काही ऐकून घेतलं नाही. घरी आल्यावर सुलभा म्हणाली, "अहो, मी जाते. तुमचा हात थरथरतो. सुईत दोरा ओवायला मला बोलावता." हेही मी ऐकून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी गणपती आले.

पहिल्या आरतीसाठी मी वाटाघाटी करून एक तोडगा काढला होता. आरती घ्या, पण आधी हातावर सॅनिटायझर घ्या. म्हणजे हात स्वच्छ, आणि परंपराही शाबूत. आप्पांनी मान डोलावली, शोभावहिनी थेट माझ्याशी बोलल्या. मी मंडपाच्या तोंडाशी मोठी बाटली घेऊन उभा राहिलो आणि येणाऱ्याच्या तळव्यावर सढळ हाताने ओतू लागलो. आरती संपली. शोभावहिनींनी ताट पुढे केलं. ओले, चकाकणारे हात ज्योतीकडे निघाले आणि मागून मानसी किंचाळली, "पप्पा! स्पिरिट आहे त्यात! पेटेल!"

हात जागच्या जागी थांबले. शोभावहिनींनी ताट डोक्यावर धरलं. जयंतीभाई हात मागे बांधून भिंतीला टेकले. कुणाला काही झालं नाही, पण त्या क्षणी साऱ्या सोसायटीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिने साथ पसरत असती तर मी तिथेच आंधळा झालो असतो.

मी तत्काळ निर्णय फिरवला. प्रशासनात हे जमलं पाहिजे. "आधी आरती घ्या, नंतर सॅनिटायझर!" लोकांनी हात पुसले, आरती घेतली, मग शिस्तीत माझ्यापुढे येऊन सॅनिटायझर घेतलं. आणि आरतीनंतर हात डोळ्यांना लावायचा तो वर्षानुवर्षांच्या सवयीने, भक्तिभावाने, सगळ्यांनी एकदमच डोळ्यांना लावला.

त्यानंतरच्या गोंधळाचं वर्णन करायला माझं मन धजत नाही. एवढंच सांगतो, की बाप्पापुढे इतक्या लोकांना एकाच वेळी इतकं रडताना मी विसर्जनालाही पाहिलं नव्हतं. पार्किंगच्या नळाशी रांग लागली. आप्पा डोळ्यांवर पाणी मारत मोठ्याने काही शब्द उच्चारत होते, आणि ते आरतीतले नव्हते.

सकाळी सोसायटी उठली ती लालभडक डोळ्यांनी. आता खरी पंचाईत. साथीचे डोळे कुठले आणि माझे कुठले, हे कळायला मार्गच नाही. 'डोळे आलेल्यांनी घरूनच दर्शन घ्यावं' हा माझाच नियम पाळायचा तर मंडपात बाप्पा आणि उंदीर एवढेच उरले असते.

यावर शासकीय तपासणी हाच उपाय, असं मी ठरवलं आणि जवळच्या आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या खिडकीतल्या गृहस्थाला सांगितलं, सोसायटीत कुणी डॉक्टर पाठवा, डोळे तपासून जाईल. त्याने अर्ज मागितला. मी अर्ज दिला. तो साध्या कागदावर होता. त्याला सोसायटीचा शिक्का हवा होता. शिक्का सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी सापुताऱ्याला, आणि शिक्का त्यांच्या गाडीच्या खणात, म्हणजे तोही सापुताऱ्याला. ते परत आल्यावर शिक्का मारून पुन्हा गेलो, तर अर्ज मराठीत होता. तिथेच बाकावर बसून गुजरातीत लिहिला. एवढी वर्षं सुरतेत काढून माझं गुजराती अक्षर असं आहे, की त्या गृहस्थाने कागद आडवा-उभा फिरवून पाहिला आणि म्हणाला, "तमे बोलो, हूं लखी लऊं."

मी बोललो. त्याने लिहिलं. मग संगणकावरच्या तक्रारींच्या रकान्यांकडे बघून थांबला.

"आमां मच्छर छे, पाणी छे, कचरो छे, कूतरां छे. आंखनुं खानुं ज नथी."

"नथी म्हणजे? साथ आहे ना शहरात?"

"साथ छे. खानुं नथी." मग माझा चेहरा बघून त्याला दया आली. खालच्या आवाजात म्हणाला, "एक काम करूं. मच्छरमां नाखी दऊं छूं. टीम तो आवशे ने? आवे एटले तमे एमने आंख बतावी देजो."

मला हे पटलं. आज विचार केला की अंगावर काटा येतो, पण त्या खिडकीपुढे उभं राहून मला ते खरोखरच शहाणपणाचं वाटलं होतं.

इकडे जयंतीभाईंनी स्वतःच्या पद्धतीने प्रश्न सोडवला होता. त्यांच्या साडूचं गॉगलचं दुकान. त्यांनी खोकंभर काळे गॉगल आणून सगळ्यांना वाटले. "भदाणेसाहेब, हवे कोई टेन्शन ज नहीं. कोनी आंख लाल छे, कोनी नथी, देखाय ज नहीं!" रोगाची खबरदारी घेणं आणि रोग न दिसण्याची व्यवस्था करणं यातला फरक मी त्यांना समजावून सांगणार होतो. पण गॉगल माझ्या चेहऱ्याला बरा दिसत होता, असं मानसी म्हणाली. तेव्हा मी गप्प बसलो.

त्या दिवसापासून मी जागेपणी गॉगल काढलाच नाही. त्याचा परिणाम असा झाला, की आरशात मला फक्त एक रुबाबदार आरोग्यप्रमुख दिसे. रविवारी सकाळी उठलो तर पापण्या चिकटलेल्या. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपत होतं. मी स्वतःला समजावलं, की सॅनिटायझरचा परिणाम आहे, जाग्रण आहे, वय आहे. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर मी त्याला दार लावून घरात बसवलं असतं. तोंड धुतलं, गॉगल लावला आणि प्रसाद घेऊन कमलमावशीकडे निघालो. जिन्यात डोळा फार चुरचुरला म्हणून गॉगल वर करून बोटाने चोळला. मग त्याच बोटाने मावशीची बेल दाबली.

त्याच हाताने तिची पापणी वर केली आणि थेंब टाकले. रोज टाकायचो तसे.

दुपारी पार्किंगमध्ये पंगत बसली. शेवटी दाळ-बट्टीच जिंकली होती. सगळी सोसायटी काळे गॉगल लावून, ओळीने मांडी घालून बट्टी कुस्करत होती. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, एखाद्या टोळीची वार्षिक सभा आहे. मी वाढायला नव्हतो. मी देखरेख करत होतो. प्रत्येकाचे हात धुतलेले आहेत ना, पाण्याचा पेला वेगळा आहे ना. आप्पा सुद्धा म्हणाले, "झकास व्हयनं रे परकास." मला भरून आलं. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. ते थांबेना, तेव्हा मला थोडी शंका आली, पण तेवढ्यात फाटकाशी टेम्पो थांबला.

टीम आली होती. डासांची.

दोन माणसं खाली उतरली, खांद्यावर ती धूर सोडणारी मशीनं. मी हात हलवत धावलो. "थांबा! आँख! आँख चेक करवानी छे!" मशीनचा आवाज सखारामआप्पांच्या आवाजाच्या वरचा होता. पुढच्याने मला पाहून मान डोलावली. साहेब स्वागताला आले आहेत असं त्याला वाटलं असावं. पांढऱ्या धुराचा लोट फाटकातून आत शिरला, मंडपात गेला, पंगतीवर पसरला. बाप्पा दिसेनासे झाले. बट्टी दिसेनाशी झाली. धुरातून खोकणं, ताटल्यांचे आवाज आणि शोभावहिनींचं "अहो भाऊजी, हे काय!" एवढंच ऐकू येत होतं. त्या या वेळी थेट माझ्याशी बोलत होत्या.

काळा गॉगल आणि पांढरा धूर यांच्या मधोमध मी मशीनच्या दिशेने पळत होतो, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी दाळीच्या दिशेने पळत होतो. मंडपाच्या दोरीत पाय अडकला आणि मी दाळीच्या पातेल्यात दोन्ही हात टेकून पालथा पडलो. दाळ तोवर कोमट झाली होती, हे माझं आणि माझ्या आईवडिलांचं पुण्य. कोपरापर्यंत दाळीत बुडालेले हात घेऊन मी मान वर केली, तेव्हा धूर विरळ होत होता. गॉगल दाळीत गेला होता. पंगतीतले सगळे उठून माझ्याभोवती जमले होते.

जयंतीभाई वाकले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि दोन पावलं मागे सरले.

"भदाणेसाहेब... तमारी आंख!"

"धूर आहे तो," मी म्हणालो.

"धूर तो हमणां आव्यो. आ तो सूजी गई छे!"

सुलभा गर्दीतून पुढे आली. तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. चिकटलेल्या पापण्या, सुजलेला डावा डोळा, वाहणारं पाणी. मग तिचा चेहरा एकदम उतरला.

"अहो, सकाळी तुम्ही कमलमावशीकडे गेला होतात."

पडल्यावर काही वाटलं नव्हतं. दाळीचं काही वाटलं नव्हतं. हे मात्र लागलं. मी तसाच खाली बसलो. म्हातारीचा ऑपरेशनचा डोळा. तिच्या डॉक्टरांनी बजावलेलं, सागरने हात जोडून सगळ्यांना सांगितलेलं, की आईजवळ कुणी जाऊ नका. तिच्याजवळ गेलेला सबंध सोसायटीतला एकमेव माणूस मी होतो. त्या डोळ्याचं काही बरंवाईट झालं असतं तर मी सागरला कोणत्या तोंडाने भेटणार होतो? दाळीने भरलेल्या हातांकडे बघत मी नुसता बसून राहिलो. कुणी हसलं नाही. आप्पांनी बादलीभर पाणी आणून माझ्या हातांवर ओतलं.

मला घरात पाठवण्यात आलं. सुलभा आणि मानसी मावशीला रिक्षात घालून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. रविवार असून डॉक्टरांनी दवाखाना उघडला. मी खोलीत एकटा. फोन हातात धरून येरझारा घालत होतो. देवापुढे उभा राहिलो, हात जोडले, पण काय मागायचं ते सुचेना. खाली पंगत पुन्हा बसली होती, पण आवाज फारसा येत नव्हता.

फोन वाजला. पलीकडे मानसी होती आणि मागे कुणीतरी हसत होतं. कमलमावशी!

"पप्पा, घाबरू नका. ऑपरेशनवाला डोळा एकदम बरोबर आहे. डॉक्टर म्हणाले, काहीच नाही त्याला. दुसऱ्या डोळ्याला थोडी लाली आहे. ती जाईल."

"दुसऱ्या? पण मी तर..."

"पप्पा," मानसीचा आवाज हसण्याने फुटला. "ऑपरेशन उजव्याचं आहे. तुम्ही रोज डाव्यात टाकत होता."

मी पलंगावर बसलो. ओल्या टॉवेलवर.

मावशीने फोन घेतला. मी ओरडलोच, "मावशी, अहो सांगायचं नाही का!"

"पहिला रोजे मी सांगाले गई, ते तू म्हने, बोलू नका, डोया हालस. मंग काय सांगू?"

"पण रोज? एकदा तरी..."

"तू इतला मन लाईसन येस. परसाद आनस. मी म्हनं, जाऊ दे, पोऱ्याले वाईट वाटीन. तू गया का मीच बरोबर डोयामा टाकी ले." मग मावशीने पुस्ती जोडली. "अन् तुना निम्मा थेंब ते गालवरच पडेत."

बाटलीचं टोक डोळ्याला लागलं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं म्हणे. मावशीने सांगितलं, हा बाबा इतक्या उंचावरून टाकायचा की टोक तर सोडाच, थेंबसुद्धा पोचायचा नाही. तरी डॉक्टरांनी जुनी बाटली फेकून नवी दिली. आणि म्हणाले, तुमच्या त्या आरोग्यवाल्यांना सांगा, त्यांनी आता काही दिवस विश्रांती घ्यावी.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या सोसायटीत पोचली. लाज वाटायला हवी होती, वाटलीही. पण माझ्या साऱ्या नियमांत, अर्जांत आणि बाटल्यांत मी कुणाचा एक डोळाही वाचवला नव्हता. वाचला होता तो एकच, आणि तो मला डावं-उजवं कळत नाही म्हणून. त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी विसर्जन. माझे नियम प्रथमच सोसायटीने काटेकोरपणे पाळले, फक्त एकट्या माझ्या बाबतीत. प्रसादाचं ताट दाराबाहेर स्टुलावर ठेवून बेल वाजवणारा पळून जायचा. जयंतीभाईंनी तर खालूनच फोन करून माझी चौकशी केली, आणि फोनवर बोलतानाही रुमाल धरला होता, असं मानसीने पाहिलं.

मिरवणूक निघाली तेव्हा मी दुसऱ्या मजल्यावर माझ्या गॅलरीत आणि मावशी खाली तिच्या खिडकीत. आम्ही दोघंच काय ते रोगी. ढोल थांबला, आप्पांनी टेम्पो थांबवला आणि मूर्ती वळवली. आधी मावशीच्या खिडकीकडे, मग हळूच वर, माझ्याकडे. मावशीने आरती सुरू केली. सगळ्यांनी धरली. मी वरून माझा घोगरा आवाज मिसळला. आरती संपल्यावर शोभावहिनींनी ताट उंच करून माझ्या दिशेने ओवाळलं, आणि मी, आप्पांच्या डोळ्यांदेखत, ती मनोमन घेतली.

मग मावशीने खिडकीतून मान बाहेर काढून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "परकास, तुना कोनता डोया उना रे?"

"डावा, मावशी!"

"आरसामा देखीसन सांगू नको हां. आरसामा उलटं दिखस!"

खाली हशा उसळला. ढोलवाल्याने काठ्या खाली ठेवल्या. आणि मी, खरंच सांगतो, क्षणभर गोंधळलो. तेव्हा आरशातच पाहिलं होतं की काय? खात्री करून घ्यावी म्हणून मी हात वर केला, बोट डोळ्याकडे नेलं, आणि मागे उभ्या असलेल्या सुलभाने हातावर फाडकन चापट मारली.